रविवारची एकतीस मिनिटं

टेपच्या गुंडाळीचं टोक सापडत नव्हतं. नख फिरवत त्यानं गुंडाळीभोवती एक अख्खी फेरी मारली, दुसरी मारली – कुठेतरी बारीकशी पायरी लागायला हवी होती, लागत नव्हती – आणि मग त्याच्या लक्षात आलं, घोटा आधीच बांधलेला आहे. पांढरा, घट्ट, नीटनेटका. आपणच बांधला असणार. दुसरं कोण बांधणार...

"काय ट्रेगी," शेजारच्या बाकावर बूट टाकत डॉबसन म्हणाला, "आज डोक्याची परीक्षा ना? घाबरू नकोस. आत काही नसलं तर बिघडणार काय?"

कॅलम ट्रेगेन्झा हसला. फुटबॉल क्लबमध्ये चार वर्षं काढल्यावर हसू आपोआप येतं, त्याला डोकं लागत नाही. डॉबसन तेहेतिशीचा, दोन्ही गुडघ्यांनी कामातून गेलेला, तरी संघात टिकून असलेला माणूस. डिसेंबरात, हंगामापूर्वी सगळ्यांच्या मेंदूची चाचणी घेतात तेव्हा, त्यानंच कानात सांगितलं होतं – बटणं सावकाश दाब. एकदोन शब्द विसर मुद्दाम. पुढे मार बसला की डॉक्टर त्या आकड्याशीच ताडून बघतात; आज जरा मठ्ठ ठरलास तर तेव्हा शहाणा ठरशील. कॅलमनं तसं केलं होतं. त्या वेळी ते चलाखीचं वाटलं होतं, मोठ्या माणसांत घेतल्यासारखं.

बारा दिवसांपूर्वीच्या शनिवारी तो झेलासाठी उडाला; त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडू हवेत हातांनी झेलतात. इथवर त्याला आठवतं – चेंडू वाऱ्यात डगमगत खाली येतोय, ढगांमागे फिकट सूर्य, आणि बोटांच्या टोकांना येणारी ती खात्री, की हा आपलाच. त्यानंतरचं त्यानं पडद्यावर पाहिलंय. कुणाचा तरी गुडघा कानामागे बसतो. चौतीस नंबरची जर्सी घातलेला एक मुलगा गवतावर उताणा पडतो आणि त्याचा एक हात कोपरात वाकून हवेत तसाच ताठ राहतो, जणू कुणीतरी त्याला मधेच थांबवून काही विचारलंय. सहा वेळा पाहिलं. सहाही वेळा वाटलं, कुणीतरी जाऊन याचा हात खाली करा रे.

डोक्याला मार बसायची दोन वर्षांत ही तिसरी वेळ.

डॉक्टर सोरेन्सन यांच्या खोलीत उजेड फार होता. त्यांनी न सांगता पडदा ओढला, तेव्हा त्याला वाटलं, यांना कळलंय. पण त्या खुर्चीत बसून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पाच शब्द सांगते. शिडी, मध, कंदील, खडू, कोट." त्यानं परत म्हणून दाखवले. महिने उलटे म्हटले. एका पायावर डोळे मिटून उभा राहिला – आणि उभं राहताना दमला. पायांना काही झालं नव्हतं. पाय अजून दोन तास धावले असते. हे दमणं पायांच्याही आधीचं होतं. दहा तास झोपून उठावं आणि उशीवरून डोकं उचलतानाच वाटावं की एक अख्खा दिवस आपण आधीच उरकून आलोय. दुकानात दुधाच्या कपाटासमोर उभं राहावं आणि तो पांढरा उजेड आवाजासारखा अंगावर यावा... हे कुठलं बटण दाबून दाखवायचं? आणि कशाला दाखवायचं? ऑक्टोबरात करार संपतो. चार वर्षांत एकोणीस सामने. एकोणीस हा काही आकडा नाही, एकोणीस म्हणजे दारात उभं राहणं.

"गंमत आहे," पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहत डॉक्टर म्हणाल्या. "डिसेंबरपेक्षा चांगलं केलंयस. मार खाऊन माणूस हुशार होतो, हे मी पहिल्यांदाच बघतेय."

त्यानं बाहीची कड खाली ओढली.

"कॅलम, मला आकडे दिसतात. बाकीचं तू सांगशील तेवढंच." त्यांनी पेन खाली ठेवलं. "काही सांगायचंय?"

सांगायचं होतं का? तोंडात शब्द नव्हता, फक्त शब्दाची जागा होती. "नाही, डॉक्टर. बरं वाटतंय."

त्यांनी सही केली. सही करताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी कोचनं जिन्यात गाठून पाठीवर थाप मारली – शनिवारी आहेस तू, रात्री लवकर झोप. कॅलम रिकाम्या स्टँडमध्ये जाऊन बसला आणि आनंदाची वाट पाहू लागला. खाली माळी मैदानावरून यंत्र फिरवत होता. ओल्या गवताचा वास येत होता. त्याच्या गावी मैदानावर गवत नावालाच. तीन बाजूंना समुद्र, मधे बार्लीची शेतं आणि उन्हाळ्यात फुटलेली जमीन. क्लबनं त्याला निवडलं त्या संध्याकाळी सगळा गाव टीव्हीपुढे जमला होता, आणि धान्याचा ट्रक चालवणारे त्याचे वडील, ज्यांना कधी कुणी रडताना पाहिलं नव्हतं, ते बाहेर जाऊन ट्रकच्या टायरची हवा तपासत बसले होते. अठरा वर्षांचा होतो मी. मला वाटलं, आता पुढचं सगळं आपोआप होईल.

त्यानं आईला फोन लावला. ती बेकरीत होती. मागे ट्रे सरकल्याचे आवाज, मग दार, मग वारा.

"आई, शनिवारी खेळतोय. डॉक्टरांनी सोडलं."

पलीकडे बेकरीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आई?"

"ऐकतेय." मग सावकाश, "म्हणजे विचार बदललास."

"कसला विचार?"

"रविवारी बोललास तो. मार लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"रविवारी कुठे बोललो आपण? मी मेसेज केला होता तुला, ठीक आहे म्हणून."

"तो दुपारी. सकाळी तू फोन केला होतास कॅल. मी अजून अंथरुणातच होते." तिचा आवाज अगदी हळू झाला, झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलावं तसा. "तू म्हणालास, आई, झालं माझं. मी घरी येतो. हे वर्ष संपल्यावर नाही, लगेचच. मी विचारलं, खरंच? तर म्हणालास, किती दिवसांचं ठरलंय, फक्त बोललो नव्हतो. तुला नाही आठवत?"

त्यानं फोन कानापासून दूर धरून यादी वर सरकवली. रविवार. सकाळी पाच चाळीस. एकतीस मिनिटं.

एकतीस मिनिटं. एवढ्या वेळात माणूस काय काय बोलतो. आणि किती दिवसांचं ठरलंय? कुणाचं? रोज सकाळी घोटा बांधणारा, डिसेंबरात सावकाश बटणं दाबणारा, आत्ता तासाभरापूर्वी बरं वाटतंय म्हणणारा – त्याला कुणी विचारलं होतं?

"मी रडत होतो का?"

"नाही रे. छान बोलत होतास. मधे हसलाससुद्धा. घरातून गेल्यापासून तुझा असा आवाज मी ऐकला नव्हता. म्हणून तर मला खरं वाटलं."

"बाबांना सांगितलंस?"

"तू म्हणालास, मीच सांगेन. म्हणून मी थांबले. रोज वाटायचं, आज करशील फोन." ती जराशी हसली. "तुझ्या खोलीतली शिवणाची मशीन तेवढी हलवली."

मैदानावरचं यंत्र बंद झालं. एकदम इतकं शांत झालं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला. भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, कुठेतरी खोल, हात न पोचणाऱ्या जागी. पण तिच्यावर दुसरंच काहीतरी पसरत होतं, आणि ते हेव्यासारखं होतं – त्या पहाटेच्या मुलाचा हेवा, ज्याला सगळं सांगून टाकता आलं आणि मग विसरताही आलं. अकरा दिवस आपण दमलोय हे एका माणसाला माहीत होतं. अकरा दिवस एक खोली रिकामी होती. आणि मी इथे उलटे महिने म्हणत होतो...

"कॅल, तू आहेस ना?"

"आहे."

"मग काय सांगतोस?"

खालून डॉबसननं शीळ घातली आणि हातानं चल म्हणून खूण केली. कॅलमनं हात वर केला, म्हणजे पाहिलं, म्हणजे येतो, म्हणजे थांब – त्यालाच नीट कळलं नाही काय म्हणजे.

"आई," तो म्हणाला, "मी अजून काय काय बोललो ते सांग ना. अगदी पहिल्यापासून सांग."