पलटण

कोशाच्या कचेरीत 'प'ची पानं कोशकारबाईंच्या वाट्याला आली होती. 'पलटण' हा शब्द त्यांना सोपा वाटला होता. इंग्रजीतून आला, नोंदवला, संपलं. पण उकरायला लागल्या तसा तो बारा गावचं पाणी प्यायलेला निघाला. इंग्रजीच्याही आधी तो फ्रेंच होता, आणि तिथे त्याच्या मुळाशी ना बंदूक होती ना शिपाई. होता नुसता दोऱ्याचा छोटा गुंडा. एकात एक गुंडाळलेली माणसं, म्हणून पलटण.

घरी वडील होते, जुने शिपाई. चालताना ते कधी मागे वळून बघत नसत. हाक मारली तर थांबायचे, पण मान वळवायची नाही. आई थट्टेनं म्हणायची, "यांच्या मानेला गंज चढलाय."

संध्याकाळी चहा देताना बाईंनी त्यांना शब्दाची ही गंमत सांगितली. वडिलांचा कप बशीवर वाजला.

"दोऱ्याचा गुंडा?"

"हो बाबा. का?"

ते खालच्या आवाजात म्हणाले, "डोंगरात धुकं होतं. स्वतःचा हात दिसेना. सगळे एकच दोरी धरून चाललो होतो, मी पुढे. वळायचं नाही, बोलायचं नाही, असा हुकूम. मध्येच दोरी हलकी झाली. मला वाटलं, चढ संपला असेल. धुकं विरलं तेव्हा वळलो, तर तिचं टोक माझ्यामागे जमिनीवर घासत येत होतं."

"आणि बाकीचे?"

"सापडले नाहीत. पण चालतात अजून मागून. बूट वाजतात." त्यांनी कप बाजूला सारला. "पुन्हा वळलो आणि कुणीच नसलं, तर?"

दुसऱ्या दिवशी बाईंना नोंद काही पुरी करवेना. त्या लवकर घरी आल्या. बोळकांडीत वडील भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभे होते. मान मात्र वळलेली, आल्या वाटेकडे.

"बाबा, कुणाला वाट देताय?"

"जाऊ दे गं त्यांना पुढे," वडील हळूच म्हणाले. "माझ्यामागे किती रखडायचं?"

बोळकांडी अरुंद होती. बाईही त्यांच्या शेजारी भिंतीला टेकल्या आणि पाय आत ओढून घेतले.