थोरले दीर येईपर्यंत

सुभद्रा सिस्टरनं नळीला जोडलेला रबरी फुगा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. दाबला, सोडला. खाटेवरच्या खंडूची छाती वर आली, खाली गेली. श्वासाचं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं. आसपासच्या कारखान्यांतून अख्ख्या स्कूटरी बाहेर पडत, पण त्या यंत्राची एक रबरी झडप उभ्या पिंपरीत मिळेना.

क्रेनचा हूक डोक्यात बसलेला माणूस. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि ते सिस्टरच्या कानाशी वाकले.

"आता काही उरलं नाही. गावाहून भाऊ येतोय, त्याला मी सांगतो. तोवर चालू ठेवा. बाईला काही बोलू नका, उगाच गोंधळ."

बाई, म्हणजे कस्तुरा, काही गोंधळ करत नव्हती. नवऱ्याच्या तळपायाला खोबरेल चोळत होती.

"छाती हालतीया. कालच्यापरीस बरं हाय, व्हय ना?"

सिस्टर सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिली. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"सांगा की, शिस्टरबाई."

"डॉक्टर सांगतील."

"मला कुठलं सांगत्यात! थोरलं दीर आलं का, येवढंच इचारत्यात."

सिस्टरची बोटं आखडली. कस्तुरानं पदराला हात पुसले.

"द्या हिकडं. भाकरी थापून थापून माझं हात घट हायती."

सिस्टरनं दाराकडे पाहिलं. मग फुगा तिच्या हातात दिला.

"हळू दाबा. आता सोडा."

छाती वर आली तशी कस्तुरा हसली. जरा वेळानं खांद्यावरून घसरलेला पदर सावरायला ती थांबली. छातीही थांबली. कस्तुरा वाकून वाट बघत राहिली. सिस्टरचा हात पुढे आला, तोवर कस्तुरानंच फुगा दाबला. छाती वर आली. ती हसली नाही.

दारात भिवा उभा राहिला, एसटीच्या धुळीनं पांढरा झालेला.

"आरं, जीव हाय की माझ्या भावात!"

कस्तुरानं एका हातानं डोक्यावर पदर ओढला. दुसरा थांबला नाही. डॉक्टर मागोमाग आले, भिवाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर घेऊन गेले. दार लोटलं गेलं.

"आता त्यास्नी सांगतील," कस्तुरा हळू आवाजात म्हणाली. "मंग ते मला सांगतील."

सिस्टर फुगा घ्यायला पुढे झाली. कस्तुरानं तो सोडला नाही.

"तवर दाबू नव्हं?"