भरतीच्या वेळचा दमा

लष्कराच्या भटारखान्यात बावीस वर्षं काढलेल्या आचाऱ्याचा अर्ज परत आला. उत्तरात एकच ओळ होती: दमा भरतीपूर्वीपासून असल्याने अपंगत्व निवृत्तिवेतन नामंजूर.

"भरतीच्या वेळी गप्प बसायला काय झालं होतं?" बायको म्हणाली. "विचारलं की सांगून मोकळे!"

"विचारलं होतं. खोटं कशाला बोलायचं?"

तिनं भांडी जरा जोरातच लावली. जिना चढताना नवरा आता दोनदा थांबतो, धाप लागली की त्याचं वाक्य अर्धंच राहतं, हे ती रोज बघत होती.

आचारी हातपाय गाळून बसणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं नोकरीचे सगळे कागद जमिनीवर पसरले. दुपारपर्यंत उकरल्यावर भरतीच्या तपासणीचा पिवळा पडलेला कागद हाती लागला. 'लहानपणापासून सौम्य दमा. फुंकण्याच्या चाचणीत पाचशे वीस. सेवेस योग्य.' निवृत्तीच्या कागदावर तोच आकडा दोनशे साठ होता.

"अगं, इकडे ये," त्यानं हाक मारली. "मी बोललो म्हणून हे लिहिलं गेलं. गप्प बसलो असतो, तर आधी किती होता हे कुणाला कळलं असतं?"

तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "श्वासाचं बळ निम्म्यावर आलं की हो," ती हळूच म्हणाली. मग त्याच्याजवळ फतकल मारून बसली. "सांगा, काय लिहू?"

अपील तिच्याच अक्षरात गेलं. सोबत छातीच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं, आणि 'पैलवान' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भटारखान्यातल्या जुन्या जोडीदाराची साक्ष. त्यानं लिहिलं होतं: 'हिवाळ्यात तंबूची तोंडं बांधून आम्ही सहा डिझेलच्या शेगड्या पेटवायचो. धुरात एकमेकांना आवाजावरून ओळखायचो.'

सुनावणीला टेबलापलीकडे मंडळाची तिघं बसली होती. अध्यक्षांनी फाइल चाळली.

"आजार आधीपासून होता, हे मान्य आहे ना?"

"मान्य आहे, साहेब. माझा मीच घेऊन आलो होतो." आचाऱ्याला खोकला आला. तो थांबला, श्वास जुळवला आणि पुन्हा सुरुवात केली. "पण तेवढा असताना तुम्ही मला चालवून घेतलंत. पुढचा वाढला तो तुमच्या शेगड्यांवर. दोन्ही आकडे तुमच्याच डॉक्टरांचे आहेत."

शेजारच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद मागून घेतले आणि बराच वेळ बघितले.

"सिगारेट?"

"कधी शिवलो नाही."

दोन महिन्यांनी निकाल आला. सेवेमुळे आजार बळावल्याचं मंडळानं मान्य केलं होतं. निवृत्तिवेतन मंजूर झालं, मात्र अपंगत्वाची टक्केवारी मागितल्यापेक्षा कमी धरली होती.

बायकोनं पत्र दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले. "झालं बाई एकदाचं. आता स्वस्थ बसा."

"वाढला हे कबूल केलंय," आचारी म्हणाला. "किती वाढला, एवढंच भांडायचं राहिलं. पुन्हा अपील करायला मुदत किती दिवसांची आहे बघ."

तिनं पान उलटलं. "साठ."

"मग उद्या डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला, आणि पत्र स्वतः वाचायला तिच्या चष्म्यासाठी हात पुढे केला.