निळ्या बादलीचा हेवा

मित्रांनो, मी खेकडे धरायचा जुना पिंजरा आहे, आणि शेजारच्या खिळ्यावरच्या त्या निळ्या बादलीचं नावही माझ्यापुढे काढू नका! मला मालकांनी स्वतः तार वळून बनवलं. ही दुकानातून आयती आली. खाडीच्या तळाशी चिखलात मी बसायचो, खेकडे मी धरायचो. मालक एकेक खेकडा उलटा करून बघायचे. पोटाखाली अंडी दिसली की ती मादी परत पाण्यात. बाकीचे बादलीत ओतले की गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, काय भरलीय बादली!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

गेल्या उन्हाळ्यात तर कहरच झाला. वरच्या शेतांतलं खत आणि गावची गटारं खाडीत उतरून शेवाळ माजलं आणि पाणी हिरवंगार झालं. पुढे ते शेवाळ मेलं आणि तळाशी माझ्याभोवती कुजू लागलं. कुजता कुजता त्याने पाण्यातला प्राणवायू संपवला. खेकडे काठाकडे पळाले. माझ्यात अडकलेल्यांना पळता आलं नाही. तारेवर नांग्या घासून घासून ते बिचारे गप्प झाले.

आणि मालकांनी मला वर ओढलं, तर काठावर खेकडे आपल्या पायांनी पाण्याबाहेर येत होते! मालकीणबाई ओरडल्या, "अहो, लवकर या! आज पिंजरा कशाला हवाय?" हातानेच त्या बादली भरत होत्या. भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. मी जळून खाक झालो.

मालकांची म्हातारी आई तेवढी कळवळली. "अगं, ते आले नाहीत, जीव घेऊन पळालेत. खाली श्वास घ्यायला काही उरलं नाही. निदान अंडीवाल्या माद्या तरी पलीकडच्या स्वच्छ पाण्यात सोडा."

"आई, एवढ्यात कोण बघत बसणार?" मालक म्हणाले. त्या दिवशी एकही खेकडा उलटा केला गेला नाही.

यंदा मी वर येतो तो नुसता काळा चिखल घेऊन. मालकीणबाई लोकांच्या फरश्या पुसायला जातात. बादलीही सोबत जाते आणि फिनेलचा वास घेऊन परत येते. खरं सांगू? तिला निदान काम आहे, याचाही मला हेवा वाटतो.

मित्रांनो, घरच्या मोठ्यांना सांगा, खत बेतानं टाका, गटारं खाडीत सोडू नका. माझ्यात पुन्हा खेकडे येऊ देत, ते हिच्यात ओतले जाऊ देत आणि कौतुक खुशाल हिचंच होऊ दे. मी जळत बसेन.