मी स्वतः पाहिलं

ओडेसाने फ्रीजरमधून खसखशीच्या रोलचा उरलेला तुकडा काढला, टेबलावर ठेवला आणि मोबाइलवर त्याचे दोन फोटो काढले. मग तिने शेजारी सुरी ठेवून तिसरा फोटो काढला.

"सुरी कशाला?" रेनीने विचारलं.

"मापासाठी. केवढा कापला गेला, ते दिसायला नको?"

रेनी सिंकपाशी उभी होती. कालचीच काळी पँट तिच्या अंगावर होती, वर आईचा घरात घालायचा स्वेटर. तिने पाण्याचा ग्लास भरला, तसा ओडेसाने उठून तो तिच्या हातातून काढून घेतला.

"एक घोटसुद्धा नाही. नमुना पातळ आला की संपलंच. पातळ म्हणजे लपवाछपवी, असंच धरतात ते."

"माहीत आहे."

"माहीत आहे, तर मग ग्लास कशाला भरतेस, बाई?"

पावणेसातला रेनीने रोजच्याप्रमाणे मोबाइलवरचं तपासणीच्या अ‍ॅपचं बटण दाबलं होतं. गेली तीन वर्षं दिवस उजाडला की ती आधी हे बटण दाबत असे आणि नंतर चहा करत असे. बहुतेक दिवशी पडद्यावर हिरवी खूण येई आणि दिवस सुरू होई. आज 'तुमची निवड झाली आहे' आलं. म्हणजे संध्याकाळी पाचच्या आत केंद्रावर जाऊन लघवीचा नमुना द्यायचा. आईला कालच पुरलं होतं, याच्याशी त्या यंत्राला कर्तव्य नव्हतं.

तिने ओडेसाला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "आज नंबर लागलाय. आणि नमुना चांगला येणार नाही."

मग ओडेसा म्हणाली, "रोल ना? अगं देवा! त्या चर्चच्या बायका आणि त्यांचे रोल!"

रेनी हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

व्यसनातून उठणाऱ्या नर्सांसाठी जो प्रोग्राम होता, त्याच्या करारात मनाई असलेल्या गोष्टींत खसखस चौथ्या पानावर होती, हात साफ करायचं जेल आणि खोकल्याचं औषध यांच्या मध्ये. ती खाल्ली तरी तपासणीत मॉर्फिन दिसतं. रेनीने आईला हे सांगितलं तेव्हा ओल्गा व्हर्गोबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं नव्हतं. "माझ्या आजीने सत्तर वर्षं खाल्ली," त्या म्हणाल्या होत्या, "तिला कोणी बाटलीत मुतायला नाही सांगितलं." पण त्यानंतरच्या तिन्ही ईस्टरला त्यांनी रेनीसाठी अक्रोडाचा रोल वेगळा केला होता.

करार संपायला एक्केचाळीस दिवस उरले होते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. करार स्वच्छ संपला तर जागा तिची. एक नमुना वाईट आला, की नर्सिंगचं लायसन्स स्थगित आणि तीन वर्षं पुन्हा पहिल्या दिवसापासून. रेनी सेहेचाळीस वर्षांची होती. सध्या ती एका वृद्धाश्रमात काम करायची. तिथे औषधांच्या कपाटाची किल्ली तिला देत नसत. तिच्या पेशंटांच्या वेदनाशामक गोळ्या दुसऱ्या नर्स द्यायच्या, आणि त्या बदल्यात रेनी त्यांच्या वाटणीच्या जखमा बांधायची, आंघोळी घालायची, चादरी बदलायची. तसं कोणी ठरवलं नव्हतं. तीन वर्षांत आपोआप तसं झालं होतं.

ओडेसाने चष्मा लावला आणि बॅगेतून कोरा कागद काढला. बासष्ट वर्षांची ओडेसा प्रुइट एका शाळेत नर्स होती. चौदा वर्षांपूर्वी तिने हाच करार पुरा केला होता. तेव्हापासून दर गुरुवारी मेथॉडिस्ट चर्चमागच्या खोलीत ती घडीच्या खुर्च्या मांडायची, आणि आठ-नऊ नर्स येऊन बसायच्या. कोणाचा नंबर लागला, कोणाला पुन्हा नोकरी नाकारली, कोणाच्या नवऱ्याने पोरं नेली. प्रत्येकीच्या हजेरीचा कागद ओडेसाच प्रोग्रामला पाठवायची, म्हणून तिच्या शब्दाला तिथे वजन होतं.

"मी दोनदा पाहिलंय," ती लिहिता लिहिता म्हणाली. "एकीने खसखस लावलेला बेगल-पाव खाल्ला होता, दुसरीने खसखशीचा केक. पत्र गेलं, फोटो गेला, ताकीद मिळाली, आठवडाभर रोज नमुना. वर्ष वाया गेलं नाही कोणाचं. आणि तुझी तर आई गेलीय. हॅगर्टीबाई प्रोग्रामची केसवर्कर असली तरी दगड नाही."

"काल दफनानंतरच्या जेवणात तू चर्चच्या किचनमध्ये होतीस, ओडेसा."

"बरं मग?"

"कोबीच्या नूडल्स वाढत होतीस. मी कुठे बसले होते, ते तरी दिसलं का तुला?"

ओडेसाने मान वर केली नाही. "एका म्हातारीने मला चार वेळा विचारलं, तू कोणाकडची म्हणून. शेवटी मी म्हटलं, मी ओल्गाची थोरली. बिचारी किती वेळ माझ्या रंगाकडे बघत राहिली." तिने ओळ पुरी केली. "मला सगळं दिसतं. कोट घाल."

गाडीत हीटर नीट चालत नव्हता. रस्त्याच्या कडेला मार्चचा बर्फ काळा पडून साचला होता. रेनी खिडकीतून बघत राहिली. किराणा दुकानाच्या लांब इमारतीसमोरून गाडी गेली, तेव्हा तिने मान फिरवली.

त्या दुकानात मांसाच्या काउंटरवर आता शॅना काम करायची. तीन वर्षांपूर्वी शॅना तिच्याच वॉर्डात नर्स होती, सव्वीस वर्षांची. मॉर्फिनच्या इंजेक्शनमधलं अर्धं औषध उरलं की ते सिंकमध्ये ओतायचं, दुसऱ्या नर्सने ते ओतताना बघायचं आणि दोघींनी सही करायची, असा नियम. पण बघायला वेळ कोणाला असतो? "शॅना, सही कर गं," असं रेनी लांबूनच म्हणायची आणि शॅना सही करायची. सात महिन्यांत एकोणीस सह्या. त्यातलं एकही औषध सिंकमध्ये गेलं नव्हतं. चौकशीत शॅना म्हणाली, मला वाटलं तिने ओतलं असेल. रेनीला प्रोग्राम मिळाला, कारण व्यसन हा आजार म्हणून ती आजारी ठरली. शॅना आजारी नव्हती, म्हणून तिला काहीच मिळालं नाही. मागच्या उन्हाळ्यात रेनी नकळत त्या काउंटरसमोर जाऊन उभी राहिली होती. शॅनाने तिच्याकडे बघितलं, हॅम उचललं आणि विचारलं, "जाड कापू की पातळ?"

नमुना केंद्र नखं रंगवायच्या दुकानाशेजारी होतं. ओडेसाने दारासमोरच गाडी लावली पण इंजिन चालू ठेवलं.

"हे घे. आत गेल्या गेल्या दे, फॉर्मबरोबर. प्रत मी हॅगर्टीला पाठवते."

रेनीने कागद घेतला. ओडेसाचं अक्षर मोठं आणि सरळ होतं, शाळेतल्या मुलांच्या आयांना चिठ्ठ्या लिहून लिहून झालेलं. दफनानंतरच्या जेवणात रेनी व्हर्गो यांनी खसखशीच्या रोलचे दोन तुकडे खाल्ले. मी त्या वेळी हजर होते. मी स्वतः पाहिलं. खाली सही, आणि सहीखाली तिचा लायसन्स नंबर.

रेनीने तो नंबर वाचला. मग पुन्हा वाचला.

"काय झालं? काही चुकलं का?"

"मी रोल खाल्ला नाही."

ओडेसाचा हात गियरवर होता, तो तिथेच राहिला.

"एक घाससुद्धा नाही," रेनी म्हणाली. "ताटात घेतला होता. नंतर रुमालात गुंडाळून टाकून दिला."

शेजारच्या दुकानातून एक बाई ओल्या नखांची बोटं पसरून बाहेर आली आणि कोपराने गाडीचं दार उघडायची खटपट करत राहिली. दोघी तिच्याकडे बघत होत्या.

"आईचं मॉर्फिन," रेनी म्हणाली. "बुधवारी सकाळी मावशीने सिरिंजमध्ये भरलं. डबा, किल्ली, सगळं तिच्याकडेच होतं, मी हातसुद्धा लावत नव्हते. तिचे हात थरथरतात, म्हणून तोंडात घालायला माझ्याकडे दिलं. आणि वहीत लिहून टाकलं, सात वाजता दिलं म्हणून. मी खोलीत गेले, तर आई गेलेली होती."

"द्यायच्या आधीच लिहिलं."

"ती कुठे नर्स आहे?" रेनीने कागदाची कड सरळ केली. "दुपारी हॉस्पिसवाली नर्स आली. तिने बाटली मोजली, वही बघितली, बरोबर भरलं. उरलेलं तिने नष्ट करायला कॉफीच्या चोथ्यात ओतलं आणि मावशीने बघून सही केली. मी शेजारीच उभी होते. सिरिंज माझ्या खिशात."

"किती होतं?"

"अर्धा मिलिलिटर."

"आणि कधी?"

"काल. जेवायला बसायच्या आधी, चर्चच्या बाथरूममध्ये."

"म्हणजे दोन दिवस खिशात घेऊन फिरलीस."

"हो."

ओडेसाने चष्मा काढला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत बोटं दाबून धरली. आता ती एकदम म्हातारी दिसत होती, गुरुवारी खुर्च्या घडी करून भिंतीला लावताना दिसते तशी.

"आणि मी खुळी सुरी ठेवून फोटो काढत बसले," ती म्हणाली.

रेनीला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं.

"ऐक," ओडेसा म्हणाली. ती समोरच्या काचेकडे बघत होती. "मी हे ऐकलं नाही, असं मी म्हणू शकते. हीटरचा आवाज आहे, मला कमी ऐकू येतं. अर्धा मिलिलिटर, आई गेली त्या आठवड्यात. तू कागद घेऊन आत जा, एक्केचाळीस दिवस काढ, आणि गुरुवारी तिथे येऊन मला शिव्या घाल. हे मी आजवर कोणालाच म्हटलेलं नाही, आणि पुन्हा म्हणणार नाही."

रेनीने मांडीवरच्या कागदावर हात ठेवला. हाताखाली तो नंबर होता. तिने नकारार्थी मान हलवली, एकदा, अगदी हळू.

"पहिल्यापासून करायला लावतील," ओडेसा म्हणाली.

"हो."

"डायलिसिसवाले थांबणार नाहीत."

"नाहीत."

"तीन वर्षं, रेनी."

"मी दमलेय गं," रेनी म्हणाली. "ते औषध नको वाटतं, असं नाही. मला आत्तासुद्धा ते हवंय. इथे बसून हवंय."

ओडेसाने इंजिन बंद केलं. हीटर थांबला आणि गाडीत एकदम शांत झालं. तिने रेनीच्या हाताखालून आपलं पत्र ओढून घेतलं, चार तुकडे केले आणि ते कोटाच्या खिशात घातले. बॅगेतून दुसरा कागद काढला, पेन काढलं, आणि खाली टेकवायला शाळेच्या लसीकरणाची फाइल दिली.

"मग आत जायच्या आधी लिही. नमुन्यानंतर लिहिलंस, तर म्हणतील पकडली गेली म्हणून बोलली. तारीख वर घाल."

रेनीने तारीख घातली. पहिली ओळ लिहिली. दुसऱ्या ओळीत 'आई' लिहून ती थांबली आणि पेन तिथेच टेकलेलं राहिलं. शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा झाला.

ओडेसाने मोबाइल पाहिला नाही की खिडकीबाहेर नजर वळवली नाही. तिने चष्मा पुन्हा लावला, सीटवर तिरकी होऊन वळली आणि रेनीचा हात पुन्हा चालायला लागेपर्यंत त्या हाताकडे बघत राहिली.

सगळं मिळून नऊ ओळी झाल्या. रेनीने सही केली आणि कागद पुढे केला. ओडेसाने तो वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला, दर ओळीखालून नख फिरवत.

"किती वाजता घेतलंस?" तिने विचारलं.

"साडेबारा. नाही, पाऊण असेल."

"हे इथे लिहिलेलं नाही."

रेनीने कागद परत घेतला आणि वेळ लिहिली.