माझ्या भिंगातले धागे

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला सगळं नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. आयुष्यभर मी फक्त दाखवत आलो, बोललो कधीच नाही.

कारखान्यात माझी भिंगं घासून बसवली आणि मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आलो. रक्त, थुंकी, पू, जे समोर ठेवाल ते मी मोठं करून दाखवलं. "याची नजर म्हणजे नजर!" असं मोठे डॉक्टर म्हणत. मग नवं यंत्र आलं. मी ओलसर भिंतीला टेकून उभा राहिलो. माझ्यावर खोळ घालायलाही लोक विसरू लागले. हळूहळू माझ्या डोळ्याकडच्या भिंगात काहीतरी उगवलं. केसाहून बारीक, फांद्या फुटलेले धागे. बुरशी! ती वाढताना आवाज होत नाही. मला मात्र ती जाणवायची.

नवं यंत्र अडलं की तपासणी करणाऱ्या ताई माझ्याकडे येत; ते धागे पाहून त्या आधी दचकल्या. पुढे त्यांना सवय झाली.

त्याच सुमारास काचा धुणारे काका खोकू लागले. पूर्वी क्षयातून उठलेले; आता पुन्हा थुंकीत रक्त. क्षयाच्या तपासण्यांत काही निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनी बुरशी शोधायला सांगितलं. नवं यंत्र बिघडलेलं होतं. ताईंनी काकांची थुंकी काचपट्टीवर घेऊन तिच्यावर पोटॅशचा थेंब टाकला. त्यात पेशी विरघळतात, बुरशी तेवढी उरते. थोडं थांबून त्या माझ्यावर वाकल्या.

धागे होते.

"घाबरू नका, काका. ही याचीच बुरशी," मला थोपटत ताई शेजारी उभ्या काकांना म्हणाल्या.

"म्हणजे आजारी हा, आणि सुया मला?" काका हसले, आणि हसता हसता खोकतच राहिले.

मित्रांनो, माझ्या धाग्यांमागे अगदी तसेच दुसरे धागे होते. ते काकांच्या छातीतून आले होते. मला ते दिसत होते. पण मला तोंड कुठे आहे?

ताईंनी अहवालात लिहिलं : बुरशी आढळली नाही.

उरलेली थुंकी त्यांनी एका बशीत वाढवायला ठेवली होती. चौथ्या दिवशी बशीत हिरवट करडी पूड दिसली. "हवेतली बुरशी पडली असेल," ताई पुटपुटल्या, पण बशी फेकायला हात धजेना. वर वॉर्डात दाखल केलेल्या काकांना आडवंही होता येत नव्हतं. ताईंनी ताजी थुंकी आणली आणि या वेळी पाहता पाहता काचपट्टी हळूच सरकवली.

काही धागे जागच्या जागी राहिले. बाकीचे सरकत निघून गेले.

"अगं बाई! दोघांनाही आहे!" ताई जिन्याकडे धावल्या. छातीचा फोटो आणि रक्ताची तपासणीही जुळली. त्याच संध्याकाळी काकांचं औषध सुरू झालं. ते वाचले. अर्धे झाले, पण वाचले.

मला कपाटात ठेवलं. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कोणी असेल, तर काम झाल्यावर त्याची भिंगं पुसा, त्याला कोरड्या जागी ठेवा. माझे धागे आता मधोमध पोचले आहेत. आज बाहेर कोणीतरी नवीनच खोकत आलं आहे. मी डोळा ताणून पाहतो आहे.

मला दिसत नाही.