टेकडीवरून दिसणारं घर

सोमवारी माझी बायको लुपे ऑकलंडला लेकीकडे निघणार होती. आमच्या बेटावरच्या, आपियातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि ती परत येईल असं कोणी म्हणत नव्हतं. मीही विचारायचं सोडून दिलं होतं.

जाण्याआधी तिला एकच हवं होतं. टेकडीवरच्या जुन्या जर्मन बंगल्याच्या वरच्या व्हरांड्यातून आपलं घर बघायचं होतं. तिच्या आईने जन्मभर त्या बंगल्यात धुणं धुतलं. घरी आली की पोरांना दम द्यायची, "तिकडून मला सगळं दिसतं."

घर ओळखू यावं म्हणून, आमच्याकडच्या रीतीने अंगणातच बांधलेल्या तिच्या आईच्या थडग्यावर लाल लुंगी पसरायला सून मालियाला बजावून ठेवलं.

माझी टॅक्सी माझ्याइतकीच थकलेली. निम्मा चढ झाला आणि वाटेतल्या गावात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. प्रार्थना संपेपर्यंत कोणी हलायचं नसतं; रस्ता अडवायला गावची पोरं उभीच होती. इंजिन बंद करून बसलो.

"देवाला आत्ताच सवड मिळाली," लुपे पुटपुटली.

वर पोचलो तेव्हा रखवालदार कुलूप लावत होता. तिचे सुजलेले पाय बघून त्याने मुकाट्याने दार उघडलं. जिन्यात ती प्रत्येक पायरीला थांबत होती.

खाली शहर होतं, बंदर होतं, चर्चचे मनोरे होते. लाल काहीच नव्हतं.

"प्रार्थनेआधी आत घेतली असणार तिनं," म्हणत मी चिडून फोन लावला.

"बाहेरच आहे, बाबा," मालिया म्हणाली. "प्रार्थनेच्या वेळी कपडा बाहेर राहिला म्हणून गावच्या मोठ्यांनी डब्यातल्या मासळीचं एक खोकं दंड ठोकलाय. तो तुम्हीच भरा."

मी पुन्हा नीट पाहिलं. आमच्या गावासमोर डोंगराची सोंड आडवी होती. ती काही काल आलेली नव्हती.

लुपे कठडा धरून पुढे वाकली.

"म्हातारी थापा मारत होती," ती म्हणाली. "काहीसुद्धा दिसत नव्हतं तिला."

तिचा हात धरून खाली आणलं आणि गाडीत बसवलं.

अर्धा उतार संपल्यावर ती म्हणाली, "माझ्यामागे कोकोत चोरून साखर घालायची नाही. ऑकलंडहून मला सगळं दिसतं."